खोट्या फौजदारी गुन्ह्यात अडकवलं गेलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फौजदारी कोर्टात वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "मॅडम, मी काहीच केलेलं नाही, मग मला भीती कशाची?" या वाक्यावर विसंबून लोक पहिले दहा-पंधरा दिवस घालवतात, आणि नेमके तेच दिवस परत मिळत नाहीत. म्हणून ही प्रश्नोत्तरं. ती भारतातल्या कायद्याला, त्यातही महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांच्या आणि कोर्टांच्या कामकाजाला धरून आहेत. तुमच्या केसमधला निर्णय तुमच्या वकिलाशी बोलूनच घ्या.

माझ्याविरुद्ध खोटी फिर्याद दिल्याचं आत्ताच कळलं. आधी काय करू?

फिर्यादीला फोन करू नका. मेसेजही नको, मध्यस्थ पाठवणं नको आणि "एकदा समोरासमोर बसू" हेही नको. तुमचा तो फोन उद्या "साक्षीदाराला धमकावलं" म्हणून कोर्टात वाचून दाखवला जातो, आणि जामिनाला विरोध करायला सरकारी वकिलाला आयतं कारण मिळतं.

त्याऐवजी एक वही घ्या आणि तारीखवार लिहून काढा. फिर्यादी कोण, ओळख कधीपासून, वाद कुठे सुरू झाला, घटनेच्या दिवशी तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे होतात, कोणाला भेटलात, कशाचे पैसे दिलेत. आठवणी ताज्या असतानाच हे व्हायला हवं. तीन महिन्यांनी माणसाला दुपारी जेवलो कुठे तेही आठवत नाही, आणि उलटतपासणीला प्रश्न नेमके तसेच लागतात. वहीच्या वर "माझ्या वकिलांसाठी" असं लिहा आणि ती वकिलाशिवाय कोणालाही दाखवू नका.

त्याच दिवशी फौजदारी काम करणारा वकील गाठा. मालमत्तेचे दस्त करणारे ओळखीचे वकीलसाहेब कितीही भले असले तरी रिमांड (आरोपीला कोठडीत ठेवण्याची मागणी) आणि जामिनाचं काम रोज करणारा माणूस वेगळा असतो.

नुसती तक्रार, एनसी आणि एफआयआर यांत फरक काय?

बराच फरक आहे, आणि तो कळला की अर्धी झोप परत येते. तक्रार अर्ज म्हणजे चौकशीची विनंती. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. एफआयआर दखलपात्र गुन्ह्याचा असतो. तिथून तपास सुरू होतो आणि अटकेचा अधिकार येतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन कायदे लागू आहेत. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर कलमं जुन्या भारतीय दंड संहितेचीच लागतात. खाली नुसता कलम क्रमांक दिलाय तिथे तो पोलीस आणि कोर्टाची कार्यपद्धती सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेचा समजा.

चौकशी न करताच पोलिसांनी एफआयआर कसा काय घेतला?

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. २०१३ च्या ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. खबर खरी की खोटी हे ठरवणं नोंदीनंतरचं काम. त्यामुळे एफआयआर झाला म्हणजे पोलिसांनी तुम्हाला दोषी धरलं असा अर्थ काढू नका.

नव्या संहितेत एक वाट मात्र आहे. तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांची परवानगी घेऊन पोलीस आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. कलम १७३ मधली ही तरतूद आहे. अशा चौकशीला बोलावणं आलं तर हलक्यात घेऊ नका. एफआयआर होण्याआधीच बाजू मांडायची ती संधी असते. लेखी म्हणणं आणि कागदांच्या छायाप्रती द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.

एफआयआरची प्रत मला मिळेल का?

मिळेल. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिलाय की एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. लैंगिक अत्याचार, बालकांवरचे गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत. संकेतस्थळावर नसेल तर वकिलामार्फत पोलिसांकडे किंवा कोर्टात अर्ज करून प्रत मागता येते.

प्रत हातात आली की आरोपांच्या मजकुरावर लगेच उडी मारू नका, आधी रकाने वाचा. घटना कधीची, खबर कधी दिली, दोन्हींत अंतर किती. छापील नमुन्यात उशिराच्या कारणासाठी वेगळा रकाना असतो. तो कोरा आहे का, की "घाबरल्यामुळे" एवढंच लिहिलंय? तुमचं नाव सुरुवातीपासून आहे की "व इतर" मध्ये? उशीर झाला म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही, विशेषतः लैंगिक गुन्ह्यांत कोर्ट उशीर समजून घेतं आणि ते योग्यच आहे. पण पैशाच्या वादाची नोटीस तुम्ही पाठवलीत आणि त्यानंतर चार दिवसांनी सहा महिन्यांपूर्वीच्या मारहाणीची फिर्याद आली, तर तो क्रम स्वतःच बरंच काही सांगतो. त्या नोटिशीची पोस्टाची पावती जपा.

पोलीस लगेच अटक करतील का?

प्रत्येक गुन्ह्यात अटक झालीच पाहिजे असा कायदा नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक का गरजेची आहे याची कारणं पोलिसांना लिहावी लागतात. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने हे ठणकावून सांगितलं. तो निकाल वैवाहिक छळाच्या प्रकरणातून आला असला तरी त्या शिक्षेच्या सगळ्याच गुन्ह्यांना लागू आहे. अशा वेळी पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देतात आणि अमुक दिवशी हजर राहा असं सांगतात.

ही नोटीस आली की जायचंच. तुम्ही नोटिशीप्रमाणे वागत राहिलात तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गेला नाहीत तर अटकेचं कारण तुम्हीच पुरवलंत. ही नोटीस नुसत्या व्हॉट्सअॅपवर बजावता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तरीही मेसेज दिसला तर डोळेझाक करू नका, वकिलाकडून लेखी उत्तर द्या.

तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि आरोपी आजारी किंवा ६० वर्षांवरचा असेल, तर उपअधीक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक होऊ शकत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं फिर्यादीत घातली असतील तर हे कलम ३५(७) लक्षात ठेवा.

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस म्हणतो की मी "डिजिटल अटके"त आहे.

अशी अटक कायद्यात नाही. फोन ठेवा, पैसे पाठवू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

अटकपूर्व जामीन कधी मागावा?

अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची खरी धास्ती वाटली की. एफआयआर नोंदवलेला असलाच पाहिजे असं नाही. कलम ४८२ खाली सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय दोघांनाही अधिकार आहे. साधारणपणे आधी सत्र न्यायालयात जातात.

इथे लोक एका गोष्टीत फसतात. अर्ज दाखल केला म्हणजे संरक्षण मिळालं असं नसतं. सुनावणी पुढच्या आठवड्यात असेल आणि अंतरिम संरक्षणाचा आदेश नसेल, तर मधल्या काळात अटक होऊ शकते. म्हणून पहिल्याच तारखेला अंतरिम आदेश मागायचा, आणि मिळाला तर त्याची प्रत तपासी अंमलदाराला पोच घेऊन द्यायची.

अर्जात "मी निर्दोष आहे" हे पाच वेळा लिहून उपयोग नाही. न्यायाधीशांसमोर प्रश्न साधे असतात: हा माणूस पळून जाईल का, पुरावा बिघडवेल का, साक्षीदारांना त्रास देईल का, कोठडीत घेऊन चौकशीची गरज आहे का. त्यांची उत्तरं कागदांनी द्या. कायमचा पत्ता, नोकरी, घरची जबाबदारी, आधीच दिलेल्या नोटिशींना हजर राहिल्याच्या नोंदी.

काही गुन्ह्यांत ही वाट कायद्यानेच बंद आहे. सोळा वर्षांखालील मुलीवरचा बलात्कार आणि अठरा वर्षांखालील मुलीवरचा सामूहिक बलात्कार त्यांत येतात. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही मनाई आहे. फक्त प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर कोर्ट विचार करू शकतं, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय.

अटक झालीच तर मला आणि घरच्यांना कोणते हक्क आहेत?

अटक कशासाठी हे सांगितलं गेलंच पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या मिहीर शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत. जागीच लेखी देता आली नाहीत तर तोंडी सांगून, रिमांडसाठी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. मराठीच समजणाऱ्या माणसाच्या हातात इंग्रजी कागद ठेवून त्यावर सही घेणं पुरेसं नाही.

अटकेचा पंचनामा होतो, त्यावर वेळ असते. ती वेळ नीट बघून सही करा, कारण न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याची २४ तासांची मुदत तिथून मोजायची असते. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं, वैद्यकीय तपासणी, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं, हे सगळे हक्क आहेत. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अपवाद सोडून अटक करता येत नाही. अपवादातही महिला अधिकारी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

आणि कोर्टातला तो एक मिनिट. रिमांडसाठी उभं केल्यावर न्यायदंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" कोर्ट भरलेलं असतं, शेजारी पोलीस उभा असतो, आणि माणूस मान हलवून "नाही" म्हणतो. ते "नाही" रोजनाम्यात लिहिलं जातं. मारहाण झाली असेल तर तिथेच, त्याच क्षणी सांगा, वळ दाखवा. महिनाभरानंतर सांगितलेल्या माराला कोर्ट विचारतं की पहिल्या दिवशी का बोलला नाहीत.

घरच्यांनी काय करावं? ठाण्यात रडत बसण्यापेक्षा एक जण वकिलाबरोबर राहा आणि दुसरा जामिनाची कागदपत्रं जमवायला लागा.

पोलिसांसमोर जबाब देऊ का? कागदांवर सही करू का?

नाव, पत्ता खरे सांगा. तपासाला हजर राहा, उद्धटपणा नको. पण स्वतःला गुन्ह्यात गोवणारं बोलण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने तो हक्क दिलाय. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. मात्र तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग येऊ शकतो. नार्को किंवा पॉलिग्राफ चाचणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० च्या सेल्वी निकालात ठरलं.

कोऱ्या कागदावर सही नाहीच. "फक्त औपचारिकता आहे" असं कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही. कलम १८० खालच्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते, तो कायदाच आहे.

झडती आणि जप्तीचं ध्वनी-चित्रमुद्रण आता कलम १०५ नुसार करावंच लागतं. मोबाईल जप्त झाला तर पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक, फोन बंद होता की चालू, सील लावलं का, हॅश मूल्य (मजकुरात नंतर बदल झाला का हे दाखवणारा संगणकीय आकडा) नोंदवलं का, हे बघा आणि प्रत मागा. आणि फोनमधलं काहीही पुसू नका. तुम्हाला अडचणीचा वाटणारा एखादा मेसेज समजावून सांगता येतो, पुसलेल्याची सफाई देता येत नाही.

मी तिथे नव्हतोच. हे सिद्ध कसं करू?

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण खोट्या केसेस इथेच जिंकल्या किंवा गमावल्या जातात.

मी तिथे नव्हतो, दुसरीकडे होतो, हे म्हणणाऱ्यालाच ते दाखवावं लागतं. सरकार पक्षाची जबाबदारी त्याने संपत नाही, पण तुमच्या म्हणण्याला आधार तुम्हीच द्यायचा. आणि आजचे आधार आपोआप मरतात. एका अशिलाची सगळी भिस्त सोसायटीच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यावर होती. घटनेच्या वेळी तो त्या फाटकातून आत आला होता, रखवालदाराशी दोन मिनिटं बोललाही होता. आम्ही चौदाव्या दिवशी गेलो. सचिवांनी डीव्हीआर उघडला, माऊस फिरवत मागे मागे नेला, आणि सगळ्यात जुनं चित्रण निघालं दोन दिवस उशिराचं. यंत्रात बारा दिवसांचीच जागा होती. त्या अशिलाला पुढे चार वर्षं तारखा कराव्या लागल्या.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्याच्या ताब्यात चित्रण असेल त्याला लेखी पत्र द्या: अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, हे चित्रण जपून ठेवा. तसाच अर्ज तपासी अंमलदाराला द्या, की हा पुरावा ताब्यात घ्या. पोच घ्या. पुढे पोलिसांनी तो गोळा केलाच नाही तर ती पोचच तुमच्या वतीने बोलते. गरज पडली तर कलम ९४ खाली कोर्टाकडून तो मागवता येतो. घटना पोलीस ठाण्यातलीच असेल तर तिथल्याही कॅमेऱ्यांचं चित्रण मागा. ठाण्यांत कॅमेरे लावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिलाय.

बाकीचे आधार तुमच्या खिशातच असतात. फास्टॅगची नोंद, यूपीआय व्यवहाराची वेळ, कार्यालयातली बायोमेट्रिक हजेरी, तिकीट, दवाखान्याचा केसपेपर, टॅक्सी अॅपमधला प्रवास. मोबाईलमधली लोकेशनची टाइमलाइन ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसण्याची सेटिंग असते. ती आजच बंद करा. कॉल डिटेल्स मोबाईल कंपनीकडे कायम राहत नाहीत, त्यांसाठीही लवकर अर्ज करा.

चित्रण पेनड्राइव्हवर घेतलं म्हणजे झालं नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आता दोन भागांत, हॅश मूल्यासह. प्रमाणपत्राशिवाय दुय्यम प्रत कोर्टात टिकत नाही, हे २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मूळ यंत्रच हजर केलं तर गोष्ट वेगळी. व्हॉट्सअॅपच्या संभाषणाचे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकून टाकणारे लोक मी पाहिलेत. फोन जपा.

हा पुरावा पोलिसांना लगेच द्यावा की कोर्टासाठी राखून ठेवावा?

वकिलांमध्येही यावर दोन मतं आहेत. माझं मत असं: जो पुरावा तिसऱ्याच्या ताब्यातला आहे आणि बदलता येत नाही, तो लवकर द्या. त्या दिवशी तुम्ही रुग्णालयात दाखल होतात, तर ते कागद तपासी अंमलदाराला लेखी अर्जासोबत द्या आणि प्रत वरिष्ठांनाही पाठवा. तोंडी साक्षीदारांची नावं मात्र घाईने देऊ नका, त्यांच्यावर दबाव येतो.

लवकर देण्याचं आणखी एक कारण आहे. दोषारोप ठेवताना कोर्ट साधारणपणे सरकार पक्षाचेच कागद बघतं, बचावाचे नाही. तुमचा कागद तपासाच्या दप्तरात शिरला तर त्याचा विचार आधीच होऊ शकतो. नाही तर खटला पूर्ण चालेपर्यंत थांबावं लागतं.

तपासात फिर्याद खोटी निघाली तर काय होतं?

पोलीस कोर्टाला प्रकरण बंद करण्याचा अहवाल देतात. महाराष्ट्रात याला समरी म्हणतात. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, तर 'ए' समरी. फिर्याद द्वेषाने खोटी दिली असेल तर 'बी'. चुकीच्या समजुतीने दिलेली असेल किंवा वाद दिवाणी स्वरूपाचा असेल तर 'सी'. तुम्हाला हवी असते ती 'बी'. पण पोलिसांनी अहवाल दिला म्हणजे संपलं नाही. कोर्ट फिर्यादीला नोटीस काढतं, तिचा किंवा त्याचा आक्षेप ऐकतं, मग मंजूर करतं किंवा पुढे तपास सांगतं.

उच्च न्यायालयातून गुन्हा रद्द होतो का?

होतो, पण जितक्या सहज लोक समजतात तितक्या सहज नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४८२, आणि अनुच्छेद २२६ यांखाली अर्ज करता येतो. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल या १९९० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सात प्रकार सांगितले, त्यांतले दोन रोज वापरले जातात. एक, फिर्यादीतलं अक्षरन् अक्षर खरं धरलं तरी गुन्हा होतच नाही. दुसरा, सूड उगवण्यासाठी कुहेतूने केलेली कारवाई. २०२३ मध्ये न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की असा कुहेतूचा आक्षेप असेल तेव्हा नुसता एफआयआर न वाचता आजूबाजूची परिस्थितीही बघावी, ओळींच्या मधलंही वाचावं.

"साक्षीदार खोटं बोलतोय" एवढ्यावर मात्र गुन्हा रद्द होत नाही. पुरावा तोलणं हे खटल्याचं काम. नातेवाइकांना सरसकट गोवलेल्या वैवाहिक केसेसमध्ये हा अर्ज अनेकदा चालतो, जर फिर्यादीत कोणी, कधी, काय केलं हे सांगितलेलंच नसेल. लग्नाला एकदाच आलेल्या, दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या नणंदेविरुद्ध एक संदिग्ध ओळ पुरेशी नाही, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मांडलेल्या विचाराशी जुळतं.

दोषमुक्ती आणि निर्दोष मुक्तता एकच का?

नाही. दोषमुक्ती खटला सुरू होण्याआधी, कागदांवरून. निर्दोष मुक्तता खटला चालून, पुराव्यावरून. दोषमुक्तीच्या अर्जाला नव्या संहितेत साठ दिवसांची मुदत घातलीय, ती चुकवू नका.

कोठडीत आहे, दोषारोपपत्रच येत नाही.

साठ दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करा. दुपारी ते आलं आणि तुमचा अर्ज संध्याकाळी गेला, तर हक्क गेला.

खटल्यात खोटं बाहेर कसं पडतं?

चित्रपटात दिसतं तसं साक्षीदार कोसळून कबुली देत नाही. खोटं बाहेर पडतं ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर. एका केसमध्ये साक्षीदाराने शपथेवर सांगितलं की खांबावरच्या दिव्याच्या उजेडात त्याने आरोपीचा चेहरा ओळखला. छान, ठाम साक्ष होती. घटनास्थळाचा पंचनामा त्याच रात्रीचा, त्याच जागेचा. तिसऱ्या पानाच्या शेवटी एक ओळ होती: "सदर ठिकाणी उजेडाची सोय नसल्याने बॅटरीच्या प्रकाशात पंचनामा केला." उलटतपासणीत एवढंच विचारलं, की पंचनाम्यावर तुमची सही आहे का आणि मजकूर बरोबर आहे का. तो "हो" म्हणाला. त्यापुढे मी एकही प्रश्न विचारला नाही.

ही ओळ अशिलाच्या आईने शोधली होती. दोषारोपपत्राच्या प्रती मोफत मिळतात, त्या घरी न्या आणि प्रत्येक पान वाचा. वकिलाकडे शंभर केसेस असतात, तुमच्याकडे एकच आहे. फिर्यादीत नसलेली गोष्ट साक्षीत आली का, वेळा जुळतात का, पंच कोणाचे ओळखीचे आहेत, जखमेच्या दाखल्यावरचं वय आणि कारण काय लिहिलंय, हे सगळं पेन्सिलने खुणा करून वकिलाला दाखवा.

आणि तारखा चुकवू नका. गैरहजर राहिलात की वॉरंट निघतं, आणि निर्दोष माणूस "फरार" म्हणून नोंदला जातो.

मीही त्यांच्यावर उलट केस करू का?

खरी घटना घडली असेल तर जरूर, आणि लगेच. नुसता दबाव आणण्यासाठी काहीतरी रचून देणार असाल तर मी हात जोडून सांगते, करू नका. ज्या गोष्टीने तुमचं घर मोडायला आलंय तीच तुम्ही दुसऱ्याला करणार. शिवाय रचलेली फिर्याद तुमच्या खऱ्या बचावाची विश्वासार्हता खाऊन टाकते.

"इतके द्या, केस मागे घेतो" अशी मागणी आली तर मात्र ती नोंदवून ठेवा आणि वकिलाला दाखवा. ती खंडणी ठरू शकते, आणि फिर्यादीमागचा हेतूही त्यातून दिसतो.

समाजमाध्यमांवर माझी बाजू मांडू का?

नको. लैंगिक गुन्ह्यात फिर्यादी स्त्रीची ओळख उघड करणं हाच वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. बाकी प्रकरणांतही तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ समोरचा वकील छापून आणतो.

वकिलाची फी परवडत नाही.

प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. मदत क्रमांक १५१००. मोफत वकील म्हणजे कमी दर्जाचा, हा समज सोडा.

निर्दोष सुटलो. खोटी केस करणाऱ्याला शिक्षा होते का?

होऊ शकते, पण आपोआप नाही. सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं हा न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे, मात्र त्यासाठी त्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. इजा करण्याच्या हेतूने खोटा आरोप करणं त्याच संहितेच्या कलम २४८ खाली येतं. त्यात पाच वर्षांपर्यंत, आणि आरोप फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोर्टात खोटी साक्ष दिली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो. नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही करता येतो. त्याची मुदत सुटकेपासून फक्त एक वर्ष आहे.

निकालपत्रात "संशयाचा फायदा" असे शब्द असतील तर हा मार्ग अवघड होतो. पुरावा अपुरा पडणं आणि आरोप जाणूनबुजून खोटा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. नाही तर खरोखर अन्याय झालेली माणसं पोलीस ठाण्याची पायरीच चढणार नाहीत. म्हणून हा निर्णय रागात घेऊ नका. द्वेषाचा स्वतंत्र पुरावा हातात असेल तरच पुढे जा.

नोकरी आणि पासपोर्टचं काय?

सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर निलंबित झाल्याचं मानलं जातं. खटला चालू असताना पासपोर्टसाठी किंवा परदेशी जाण्यासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. नोकरीच्या अर्जात किंवा चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात प्रलंबित केस विचारली असेल तर ती लपवू नका. केस असण्यापेक्षा ती लपवल्यामुळे गेलेल्या नोकऱ्या जास्त दुखतात, कारण तिथे मात्र चूक खरोखर आपली असते.

सुटका झाल्यावर निकालपत्राच्या तीन-चार प्रमाणित प्रती काढून घ्या. एक प्रत अर्जासोबत पोलीस ठाण्यात द्या आणि तुमच्या नावापुढची नोंद अद्ययावत करून घ्या, पोच घेऊन. पडताळणीचा अहवाल त्या नोंदीवरूनच लिहिला जातो. उरलेल्या प्रती घरात जपून ठेवा, वर्षांनंतर कोणी विचारलं तर लगेच हाताशी येतील.